चांद्याच्या जंगलातले दुभाषी

१६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर गेला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी नावाचा दुभाषी होता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि त्या सुमारास ठरलेला तह यांविषयीच्या कंपनीच्या कागदांत या माणसाचे नाव आहे. एका दुभाष्याचे नाव साडेतीनशे वर्षे टिकले, त्याला कारण आहे. बोलणी करणाऱ्या दोन्ही पक्षांच्या हाती सत्ता होती. दुभाष्याने एकाचे म्हणणे दुसऱ्याला चुकीचे सांगितले असते तर फटका दोघांनाही बसला असता आणि दोघेही त्याला जाब विचारू शकले असते. म्हणून त्याचे काम मोलाचे ठरले आणि नोंदले गेले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, वैनगंगेपलीकडच्या जंगलात, दुभाष्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आणि रोजच्या रोज चालत आले आहे. तिथल्या दुभाष्यांची नावे सरकारी अहवालांत सहसा येत नाहीत. ते कोण होते, कोणाच्या पगारावर होते आणि कोणाला उत्तर देत होते, हे विचारल्याशिवाय चंद्रपूर-गडचिरोलीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास नीट कळत नाही, असे माझे मत आहे.

आधी भाषांचा नकाशा डोळ्यांपुढे आणू. जुना चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगेच्या काठच्या धानाच्या गावांत झाडीबोली, म्हणजे मराठीच, पण पुण्या-मुंबईच्या माणसाला अडखळायला लावणारी. धानोरा, कुरखेड्याकडे गोंडी. कोरचीच्या बाजूने छत्तीसगढी आणि हलबीचा शेजार. एटापल्ली आणि भामरागडच्या डोंगरात माडिया. दक्षिणेला सिरोंचात तेलुगू. पश्चिमेला राजुरा-जिवतीच्या पठारावर गोंडी, कोलामी, मराठी आणि तेलुगू एकाच बाजारात ऐकू येतात. चामोर्शी आणि मुलचेऱ्याकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली गावे आहेत. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या. मराठीशी त्यांचे रक्ताचे नाते नाही. गोंडी त्यातल्या त्यात तेलुगूच्या जवळची, पण तेलुगू माणसालाही ती शिकल्याशिवाय कळत नाही. अशा मुलखात राज्य कोणाचेही असो, मधला माणूस लागणारच. तो नेहमी होताच, म्हणून भाषेच्या भिंतीमुळे इथे संवाद झालाच नाही असे म्हणता येत नाही. फक्त हा मधला माणूस एकाच दिशेने सापडत गेला. सरकारला, ठेकेदाराला किंवा अभ्यासकाला जंगलातल्या माणसाकडून काही हवे असले की दुभाषी हजर होई; जंगलातल्या माणसाला सरकारकडून काही समजून घ्यायचे किंवा सरकारला काही सांगायचे असले की तो गैरहजर असे.

चांद्याचे गोंड राज्य होते तोवर राजा आणि डोंगरातली प्रजा यांच्यात निदान एक भाषा सामाईक असण्याची शक्यता होती. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी ते राज्य ताब्यात घेतले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचेच राज्य इंग्रजांनी खालसा केले. दोन्ही राज्यकर्त्यांनी डोंगरातला कारभार जमीनदारांवर सोडला. अहेरीची जमीनदारी त्यांत सर्वांत मोठी. चांद्याला बसलेल्या साहेबाचा हुकूम अहेरीच्या वाड्यापर्यंत कागदावर जाई. तिथून पुढे मुकादम, शिपाई आणि गावचा प्रमुख यांच्या तोंडून तो जंगलात पोहोचे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी बंड केले तेव्हा या व्यवस्थेची ताकद दिसली. इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टनला स्वतःच्या बळावर जंगलात शिरून बाबूरावांना धरता आले नाही. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला आणि बाबूराव लक्ष्मीबाईंच्याच माणसांच्या हाती लागले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. या प्रसंगाकडे आपण बहुधा फितुरीची गोष्ट म्हणून पाहतो. कारभाराच्या नजरेने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जंगलाची भाषा, वाटा आणि नातीगोती ज्याला ठाऊक तोच सत्तेचा खरा दुभाषी होता, आणि त्याची स्वतःची जमीनदारी साहेबाच्या मर्जीवर टिकून होती. अशा मध्यस्थाकडून प्रजेचे म्हणणे वर जाईल अशी अपेक्षा करणेच चूक होते.

१८६० मध्ये निजामाकडून गोदावरीकाठचे तालुके इंग्रजांकडे आले आणि अप्पर गोदावरी हा वेगळा जिल्हा होऊन सिरोंचा त्याचे ठाणे झाले. गोदावरीतून जहाजे चालवायची मोठी योजना तेव्हा हाती घेतली होती. ती फसली, जिल्हाही १८७४ मध्ये मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. जिल्ह्याचा मराठी कारभार आता तेलुगू मुलखात आला, आणि त्या तेलुगू मुलखाच्या वरच्या डोंगरात माडिया बोलणारे लोक होते. अशा ठिकाणी एखाद्या माडिया माणसाची तक्रार आधी तेलुगूत, मग मराठीत आणि शेवटी साहेबासाठी इंग्रजीत जाणार. प्रत्येक टप्प्यावर सांगणारा वेगळा, प्रत्येकाचा स्वार्थ आणि भीती वेगळी. मूळ बोलणे त्यात किती उरले हे तपासायला चौथ्या टोकाच्या साहेबाकडे काही साधन नव्हते, आणि पहिल्या टोकाच्या माणसाकडे तर त्याहून नव्हते.

मध्यस्थीचा हा एकतर्फीपणा कायद्यात कसा उतरला ते पाहण्यासारखे आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे सहावे कलम सांगते की एखादे जंगल राखीव करायचे ठरले की अधिकाऱ्याने आजूबाजूच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा लावावा आणि हक्क सांगायला किमान तीन महिन्यांची मुदत द्यावी. नववे कलम सांगते की ज्या हक्काचा दावा आला नाही तो नष्ट झाला. कागदावर हे न्याय्य वाटते. आता हा कागद डोंगरातल्या गावात नेऊन पाहा. स्थानिक भाषा म्हणजे दफ्तराच्या लेखी मराठी, फार तर तेलुगू. कारण गोंडी आणि माडिया लिहिण्याचा रिवाजच दफ्तरात नव्हता. जाहीरनामा झाडाला किंवा चावडीला लागला, म्हणजे कलमाची पूर्तता झाली. वाचून दाखवणार कोण? बहुधा नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा तोच शिपाई ज्याच्या खात्याला ते जंगल हवे आहे. ज्याच्याविरुद्ध दावा करायचा, त्याच्याच तोंडून दाव्याची मुदत ऐकायची, अशी ही रचना होती. यात नाकेदाराने खोटे सांगण्याचीही गरज नव्हती. तो अर्धेच बोलला किंवा बोललाच नाही, तरी तीन महिने आपोआप सरत होते. हक्क बुडण्यासाठी कोणालाच जुलूम करावा लागला नाही. भाषेने ते काम गुपचूप केले.

न्यायालयात दुभाष्याला कायद्याने अधिक मान दिला आहे, निदान अक्षरांत. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत खोट्या साक्षीची व्याख्या करणाऱ्या १९१ व्या कलमाखाली एक उदाहरण दिले होते: शपथेने बांधलेला दुभाषी किंवा भाषांतरकार स्वतःला खरे न वाटणारे भाषांतर खरे म्हणून देत असेल, तर तो खोटी साक्ष देतो. म्हणजे दुभाषी साक्षीदाराच्या बरोबरीने जबाबदार. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती भर न्यायालयात त्याला कळणाऱ्या भाषेत सांगावी, असा नियम होता. पण नियमाला अर्थ यायचा तर भाषांतर तपासू शकेल असा दुसरा माणूस त्या खोलीत हवा. न्यायाधीशाला माडिया येत नाही, वकिलाला येत नाही, आरोपीला मराठी येत नाही; अशा वेळी दुभाष्याची चूक पकडणार कोण? शेजारच्या बस्तरमधली शंभर खून-खटल्यांची कागदपत्रे अभ्यासून व्हेरिअर एल्विन यांनी १९४३ साली माडियांच्या खून आणि आत्महत्यांवर पुस्तक लिहिले. त्या कागदांतल्या जबान्या ज्या भाषेत बोलल्या गेल्या त्या भाषेत उतरल्या नव्हत्या. खुनाच्या खटल्यात सगळा भर हेतूवर असतो. राग, भीती, जादूटोण्याचा संशय, दारूची धुंदी यांतले काय म्हणायचे होते, यावर माणूस फासावर जातो की सुटतो हे ठरते. दोन भाषांमधून गाळून आलेल्या एका वाक्यावर हा निवाडा व्हावा, याहून गंभीर गोष्ट कोणती?

न्यायालयात माणूस आयुष्यात एखाद्या वेळी जातो. तेंदूपत्त्याच्या फडावर मात्र तो दर उन्हाळ्यात जातो, आणि दुभाष्याचे राजकारण इथे सर्वांत उघड दिसते. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे जंगलात जाऊन बायका-मुले पाने खुडतात, घरी बसून सत्तर सत्तर पानांची पुडकी बांधतात आणि संध्याकाळी फडावर ओळीने मांडतात. फडमुन्शी ओळीतून चालत जातो. एखादे पुडके उचलून पाने मोजतो, एखादे सोडून पाहतो, कोवळी किंवा भोके पडलेली पाने दाखवून बाजूला टाकतो, आणि वहीत आकडा मांडतो. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. आता गोंडीच्या बऱ्याच बोलींत स्वतःचे आकडे उंदी, रंड, मुंड करत सातापर्यंत, काही बोलींत दहापर्यंत जातात. पुढची मोजदाद मराठी, हिंदी किंवा तेलुगूतून घेतलेली. म्हणजे माल आपला, मेहनत आपली, पण शेकड्याचा हिशोब मुन्शीच्या भाषेत. मुन्शी गावच्या भाषेत हसून बोलू शकतो, चार शब्द माडियाचे टाकू शकतो, आणि म्हणूनच ठेकेदाराने त्याला नेमलेले असते. त्याची भाषा येण्याची कला हे ठेकेदाराचे भांडवल होते. १९८० च्या सुमारास आंध्रातून आलेल्या नक्षलवाद्यांनी या भागात पाय रोवले ते तेंदूपत्ता आणि बांबूतोडीच्या दरांचे प्रश्न हाती घेऊन, आणि तेही गोंडी शिकून. त्यांच्या हिंसेचे समर्थन करण्याचा प्रश्नच नाही. सर्वांत जास्त सोसले ते या गावांनीच. पण लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणाऱ्याला जंगलात कान मिळतात, हे त्यांनी ओळखले होते आणि तहसील कचेरीने ओळखले नव्हते, एवढे इतिहासाने नोंदलेच पाहिजे.

सरकारला हे जमण्यासारखे नव्हते, असे कोणी म्हणेल तर पुरावा उलट आहे. मुंबईत देशी भाषांतली वर्तमानपत्रे काय लिहितात हे कळायला इंग्रज सरकारने ओरिएंटल ट्रान्सलेटरची कचेरीच उघडली होती. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य भाषांतरकार आणि दुभाषी यांचे स्वतंत्र खाते चालत आले आहे. ज्या भाषांत व्यापार होता, संपत्तीचे दावे होते किंवा राजद्रोहाची भीती होती, त्या भाषांसाठी पदे, परीक्षा आणि पगार होते. स्वातंत्र्यानंतरचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० हे पथक उभे केले ते स्थानिक तरुण घेऊन, आणि त्याचे एक मोठे कारण हे की त्यांना गोंडी-माडिया आणि जंगल दोन्ही येत होते. सरकारला गरज पटली तेव्हा गोंडी जाणणारी माणसे सापडली, भरती झाली, त्यांना प्रशिक्षण आणि पगार मिळाला. मग हाच निकष प्रसूतिगृहाला, तलाठ्याच्या दफ्तराला आणि न्यायालयाला त्याच जोमाने का लावला गेला नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

अभ्यासकांचा हेतू वेगळा होता, पण दिशा तीच. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची लिंगोची कथा एका परधानाकडून उतरवून घेतली. ते १८६३ मध्ये बुडून वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. परधान हे गोंडांचे पिढीजात गायक. किंगरीवर कुळांच्या कथा गाणारे, आणि राजुरा-आदिलाबादच्या पट्ट्यात घरात मराठी बोलून गोंडीत देवकथा म्हणणारे. या मुलखातला खरा, शतकांचा सराव असलेला दुभाषी शोधायचा तर तो परधानच. त्याला दोन्ही भाषांची नुसती ओळख नव्हती, एकीतला अर्थ दुसरीत वागवायची रीत त्याच्या घराण्यात होती. पण कचेरीने त्याला कधी त्या नात्याने पाहिले नाही. जातीच्या उतरंडीत खालचा, मागून खाणारा, म्हणून नोंदले. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला, त्यात चांद्याकडच्या बोलींचे नमुने आहेत. सर्वेक्षणाची पद्धत अशी की बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि स्थानिक बोलीत करून मागवायची. म्हणजे ज्याला आपण माडियाचा छापील पुरावा म्हणतो, तोही कोणा दुभाष्याने परकी गोष्ट आपल्या बोलीत बसवताना केलेली कसरत आहे. अभ्यासकांचे ऋण मी नाकारत नाही. त्यांनी टिपले नसते तर आज आपल्या हाती याहून कमी असते.

इथे पहिला आक्षेप येतो: आता लोकांना मराठी येते, हा जुना प्रश्न उगाळण्यात काय अर्थ? शाळा, रस्ते, मोबाइल आले. तरुण माडिया मुले मराठीत शिकून डॉक्टर आणि शिक्षक झाली. हे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण बाजारापुरती मराठी आणि दुखणे सांगण्याची मराठी यांत अंतर असते. मीठ-मिरची घेताना लागणारी भाषा उलटतपासणीत पुरत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे इंग्रजी कामापुरते चांगले असते. तरी जबाबावर सही करताना किंवा शस्त्रक्रियेला संमती देताना आपण मराठी मागतो. गोंडी बोलणाऱ्याला तो अधिकार कमी का असावा? शिवाय ज्यांना मराठी कमी येते त्यात म्हाताऱ्या बायका, शाळेत न गेलेले आणि डोंगरात खोलवर राहणारे लोक अधिक, म्हणजे ज्यांना दवाखाना आणि कचेरीची गरज सर्वांत जास्त तेच. आणि मराठी-मराठीतही हा प्रश्न आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याची तपासणी आधी झाली होती फक्त ८ टक्के स्त्रियांची. त्या मुक्या नव्हत्या. बायकांचे दुखणे ज्या शब्दांत एकमेकींना सांगितले जाते ते शब्द डॉक्टरपर्यंत नेणारे कोणी नव्हते. ते शब्द शिकून घेतल्यावर बोलणे सुरू झाले. पुढे बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केले, ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली आणि बालमृत्यू कसे घटले ते १९९९ मध्ये जगापुढे मांडले. त्या यशाचे श्रेय औषधांना आणि प्रशिक्षणाला आहेच. पण आईशी तिच्या बोलीत बोलणारी बाई दारात होती, हेही त्यातच मोजले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. गोंडी म्हणजे एक भाषा कुठे आहे? धानोऱ्याची वेगळी, भामरागडची वेगळी, आदिलाबादची वेगळी. लिपी ठरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी ती मातृभाषा सांगितली तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. मग दुभाषी कोणत्या गोंडीचा नेमायचा? या प्रश्नाचे उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी शेजारीच दिले गेले होते, हे फार कमी मराठी वाचकांना ठाऊक आहे. १९४० मध्ये जोडेघाटला बंडखोर गोंड नेते कुमरम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांकडे पाठवले. तिथल्या गोंडांचे दुखणे हेच होते की कारभार उर्दूत चाले, आणि जमिनीचे पट्टे ज्यांना कागद कळत होते त्यांच्या नावे होत. हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई गावी गोंड शिक्षक तयार करायचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला छापली गेली ती देवनागरीत. या कामात सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानचे मराठी अधिकारी होते. शिवकालाचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो; पण ते गोंडी शिकले, गोंडी आणि कोलामीची व्याकरणे लिहिली, आणि कोलामीवर पुढे एमेनो यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाने काम केले तेव्हा पगडींची सामग्री वापरली. राजुरा तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तो महाराष्ट्राकडे आला राज्यपुनर्रचनेनंतर. म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचा एक तुकडा ज्या जिल्ह्यात होता, तिथे सरकारने गोंडी शिकून, गोंडीत छापून, गोंड तरुणांना कारभारात आणून दाखवले होते. बोलींतल्या फरकाने काही अडले नाही. १९५६ नंतर नव्या राज्याची भाषा शाळेत आली आणि तो प्रयोग मागे पडला. मागे पडण्याचे कारण धोरण होते. भाषेची गुंतागुंत नव्हती. अलीकडे २०१८ मध्ये निरनिराळ्या राज्यांतल्या गोंडी भाषकांनी एकत्र बसून केलेला शब्दकोश हंपीच्या कन्नड विद्यापीठातून बाहेर पडला, तोही हेच सांगतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. मी नाकेदार, मुन्शी, शिपाई यांच्याविषयी कठोर बोललो. पण ही माणसे स्वतः गरीब, बहुतेक याच मुलखातली, वरच्याच्या धाकात. त्यांच्यावर दोष टाकणे न्याय्य आहे का? नाही, आणि माझा रोख त्यांच्यावर नाही. नाकेदाराला जंगल राखण्याचा पगार होता, भाषांतराचा नव्हता. ते काम त्याच्यावर फुकट लादले गेले आणि त्यात चूक झाली तर तीही त्याच्याच माथी. गेल्या चाळीस वर्षांत तर दोन भाषा येणे जिवावर बेतू लागले. पोलिसांशी बोलला म्हणून नक्षलवाद्यांनी खबऱ्या ठरवले, जंगलात कोणाला भेटला म्हणून पोलिसांनी संशय घेतला. गावातला जो माणूस दोन्हीकडचे बोलणे समजून देऊ शकत होता, त्यालाच गप्प बसणे शहाणपणाचे वाटू लागले. दुभाष्याला पद नसते, शपथ नसते, संरक्षण नसते, तेव्हा तो कोणाच्या तरी बाजूचाच समजला जातो. म्हणूनच हे काम कोणाच्याही सोयीवर न सोडता स्वतंत्र पेशा म्हणून उभे करायला हवे.

दुभाषी गावाला जबाबदार असेल तर काय घडते, याचीही उदाहरणे याच दोन जिल्ह्यांत आहेत. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना तिथे पहिला धडा माडियाचाच गिरवावा लागला. रोगी बोलेल ते कळल्याखेरीज औषध कसले देणार? पुढे तिथल्याच आश्रमशाळेतून शिकून निघालेली माडिया मुले दोन्ही भाषा लीलया बोलू लागली, आणि मध्यस्थ बाहेरून आणायची गरज कमी झाली. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाने आणखी वेगळे केले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांच्या साथीने गावात अभ्यासगट बसले; कायदा काय म्हणतो हे गोंडीत फोडून समजून घेतले, ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीने ठरवले आणि मग मराठीत कागद केला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९ मध्ये मेंढा होते. १९२७ च्या कायद्यात गावाने तीन महिन्यांत दावा करायचा होता आणि कागद वाचणारा दुसऱ्या बाजूचा होता. इथे दावा गावाने केला आणि कागद वाचणारा गावचाच होता. फरक नव्या कायद्याने पाडला खराच, पण तो कायदा कळला नसता तर तोही झाडाला चिकटवलेला कागद राहिला असता. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढली, आणि पुढे शिक्षण खात्याने तिला बेकायदा ठरवून नोटीस दिली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी असे राज्यांना सांगणारे ३५०-अ हे कलम घटनेत १९५६ पासून आहे.

मागणी मोठी नाही. गडचिरोली, अहेरी, सिरोंचाची न्यायालये, जिल्हा रुग्णालय, एटापल्ली-भामरागडचे दवाखाने आणि तहसील कचेऱ्या इथे गोंडी, माडिया आणि तेलुगू दुभाष्यांची मंजूर, पगारी पदे असावीत. नेमणुकीत ग्रामसभांचा शब्द असावा. प्रशिक्षण आणि शपथ असावी. आणि भाषांतर तपासायला दुसरा जाणकार मागण्याचा हक्क सामान्य माणसाला असावा. गावातल्या मुलामुलींसाठी ती सन्मानाची नोकरीही होईल. हे मागायला गोंड आणि माडिया माणसांनीच पुढे यावे असे म्हणणे सोपे आहे, ते गेली कित्येक वर्षे मागत आहेत. पण तिथला कारभार ज्या भाषेत चालतो ती मराठी आहे. म्हणून ही मागणी मराठी वाचकांनी, मराठी वकिलांनी आणि मराठी डॉक्टरांनी आपली म्हणून लावून धरावी.